तिसगावच्या पानावरची दुरुस्ती

वर्तमानपत्राच्या नगर कार्यालयात मी बारा वर्षे होते. शेवटची काही वर्षे बातम्यांबरोबर रविवारच्या 'वधू-वर' पानाचे कामही माझ्याकडे होते. कार्यालय आवरते घेतले तेव्हा माझ्यापाशी बातमीदारीच्या सवयी आणि लग्नाळू घरांचे फोन नंबर उरले. त्या दोन्हींच्या जोरावर सावेडीतल्या घराच्या पुढच्या खोलीत मी वधू-वर सूचक केंद्र सुरू केले. माणूस कोणी ठेवला नाही. सगळे काम मोबाईलमधल्या नोंदवहीच्या ॲपवर चालते.

एका घराला एक पान. वरच्या भागात ग्राहक, उमेदवार, शिक्षण, उंची, गाव, अपेक्षा. खाली तारीखवार नोंदी: कोणाचा फोन आला, कोण काय म्हणाले. बोलणाऱ्याचे शब्द बदलायचे नाहीत, हा माझा नियम. मुलीला कोणी 'जाड' म्हटले तर 'अंगाने भरलेली' असे लिहायचे नाही. त्याखाली विचारपुशीच्या आठवणी असतात. थोरल्या सुनेचे बाळंतपण, कोणाची बदली, कोणाचे ऑपरेशन. फोन लावण्याआधी पानावर नजर टाकायची आणि मग आपुलकीने विचारायचे. "ताई, तुमच्या लई ध्यानात राहतं," असे लोक म्हणत. माझ्या काहीच ध्यानात राहत नसे.

या धंद्यात नकाराचे खरे कारण कळवत नाहीत. 'पत्रिका जुळत नाही' एवढेच सांगतात. ऐकणाऱ्यालाही ते पुरते, कारण त्यात कोणाचा दोष निघत नाही. खरे कारण माझ्या ॲपमध्ये तांबड्या अक्षरांत असते.

तिसगावचे गुरुजी नोंदणीसाठी एकटेच आले. निवृत्त मुख्याध्यापक, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. मुलीचा फोटो आणि पत्रिका पाकिटात घालून आणली होती. मुलगी गावाजवळच्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होती, वय एकोणतीस. दोन मुलगे पुण्याला, दिवाळीला येणारे. बायकोला अर्धांगवायू झालेला. बोलता येत नाही, बाकी सगळे कळते. तिला उठवणे, कूस बदलणे, भरवणे मुलगी करते, शाळेच्या आधी आणि शाळेनंतर. हे सगळे मी लिहून घेतले. ग्राहक म्हणून गुरुजींचे नाव घातले आणि फोन नंबरही त्यांचाच. मुलीचे नाव उमेदवाराच्या रकान्यात गेले.

पहिले स्थळ राहुरीचे. मुलाची आई दुसऱ्या दिवशी म्हणाली, "हसली की हिरड्या दिसतात." मी तसेच लिहिले आणि तिसगावला पत्रिका जुळत नसल्याचे कळवले.

दुसरे स्थळ श्रीगोंद्याचे. त्यांचा होकार आला. मी सकाळीच गुरुजींना फोन केला.

"गुरुजी, अभिनंदन. पसंती आहे."

ते म्हणाले, "आमच्याकडून नको, ताई."

"मुलगा पसंत नाही?"

"मुलगा चांगलाय. पण हिच्या आईला उठवायला-बसवायला कोण? मला हे कंबरेचं दुखणं. बाई ठेवली तर टिकत न्हाई."

"मग नोंदणी कशाला केलीत?"

"गावात विचारतात. पोरगी घरात ठेवली म्हणतात. स्थळं बघतोय हे दिसायला नको का?"

"तिला काय सांगू?"

"नेहमीचं सांगा की. पत्रिका."

हे बोलणे चालू असतानाच मी शब्दशः टाइप करत होते. श्रीगोंद्याला कळवले, मुलीकडून नकार आहे. मुलीला कळवले, पत्रिका जुळत नाही. तिसऱ्या स्थळालाही हेच झाले, फक्त गुरुजींचे बोलणे थोडक्यात आटोपले.

मी गप्प का राहिले याची कारणे सरळ होती. बातमीदाराने माहिती देणाऱ्याला उघडे पाडायचे नसते, ही शिकवण मी ग्राहकाला लावली. शिवाय गुरुजींचा शब्द पाथर्डी तालुक्यातल्या शिक्षकांत चालत असे. त्यांच्या ओळखीने बरीच घरे माझ्याकडे आली होती आणि येत होती.

तिसऱ्या नकारानंतर एका रविवारी दुपारी ती एसटीने नगरला आली. मी तिला पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहत होते. पर्समधून तिने घडी घातलेले कागद काढून टेबलावर पसरले.

"ताई, पाथर्डीच्या जोशींकडून तिन्ही पत्रिका तपासून आणल्यात. ही बघा, सत्तावीस गुण. ही चोवीस. ही एकवीस. अठराला लग्नं लागतात."

मी कागद पाहिले. हिशेब बरोबर होता.

"तेव्हा पत्रिका राहू द्या," ती म्हणाली. "खरं काय म्हणाले ते सांगा. मी रडणार नाही. वर्गातली पोरं मला पाठीमागं 'काडेपेटी' म्हणतात. तापते लवकर म्हणून. मला सवय आहे. सुधारण्यासारखं असेल तर सुधारीन."

मी तिसगावचे पान उघडले, स्क्रीन माझ्याकडे ठेवून. तीन तांबड्या नोंदी होत्या. त्यातल्या दोन तिच्या वडिलांच्या होत्या. मी पहिली वाचली. "हसली की हिरड्या दिसतात."

तिने ओठ मिटले. मग विचारले, "तिघंही हेच म्हणाले?"

"साधारण हेच."

बातमीत 'साधारण' असे कोणी लिहिले तर मी ते खोडत असे.

दोन महिन्यांनी तिने दातांना तारा बसवल्या. नोंदणीला दोन वर्षे होऊन गेली होती, तिला बत्तिसावे वर्ष लागले होते. ही गोष्ट मला गुरुजींकडून कळली. "या वयात काय हे खूळ," ते हसत म्हणाले. मी पानावर नोंद केली, 'तारा. दीड वर्ष. विचारणे.' दर दोन महिन्यांनी ॲप आठवण करून देई आणि मी तिला फोन करी. तारा टोचत नाहीत ना, जेवता येते ना, एवढेच.

"तुम्ही एकट्याच विचारता, ताई," ती एकदा म्हणाली.

चौथे स्थळ राजूरचे होते. मुलगा जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला, विधवा आईचा एकुलता. मायलेक अख्खा जिल्हा ओलांडून तिसगावला आले. चहा झाल्यावर मुलाच्या आईने कोपऱ्यातल्या खाटेपाशी जाऊन मुलीच्या आईचा हात हातात धरला, असे मला नंतर समजले. दुसऱ्या दिवशी मुलाने स्वतः फोन केला.

"आमचा होकार आहे. आणि त्यांच्या आईंना इकडं आणलं तरी आमची ना नाही. घर मोठं आहे. माझ्या आईलाही सोबत होईल. हे त्यांना नीट सांगा, ताई."

मी नीट लिहून घेतले. गुरुजींचे कारण यामुळे संपत होते, म्हणून त्यांना फोन लावताना मला उत्सुकता होती. ऐकून घेतल्यावर ते चिडले.

"बायकोला जावयाच्या दारात नेऊन टाकू? लोक तोंडात शेण घालतील. अन् मग मी इथं एकट्यानं काय करू? भाकरी कोण थापणार मला?"

"तिला एकदा विचारून बघा."

"ताई, नोंदणी मी केलीय का तिनं?"

तेही मी लिहिले. राजूरला कळवले, मुलीचा नकार. तिसगावला कळवले, पत्रिका. राजूरच्या मुलासाठी पुढच्या दोन महिन्यांत मी संगमनेरची मुलगी जुळवून दिली आणि त्यांच्या लग्नात जेवून आले.

पुढच्या वर्षाच्या अखेरीस नगरच्या एका मंगल कार्यालयात मी परिचय मेळावा घेतला. ती गुरुजींना न सांगता एकटी आली होती. तारा निघाल्या होत्या. चहाच्या टेबलाशी ती उभी असताना एक बाई तिच्यासमोर येऊन थांबली. ती राजूरच्या मुलाची आई होती, भाच्यासाठी स्थळ बघायला आलेली. मी तीन पावलांवर याद्या वाटत होते.

"आगं, तू तिसगावची न्हवं का? मी राजूरची. तुमच्याकडं आल्तो आमी."

"हो. ओळखलं. पत्रिका जुळली नाही आपली."

"पत्रिका? आमी कुठं बघतो पत्रिका? तूच न्हाई म्हनलीस की. माझा लेक तर म्हनला हुता, तिच्या आईलाबी घिऊन येऊ. लई वाईट वाटलं बघ मला, ती खाटंवरची बाई माझा हात सोडीना." मग तिने मोबाईल पुढे केला. "आता त्याला पोरगी झालीय, चार म्हैन्याची. ही बघ."

मुलीने फोटो पाहिला. "छान आहे," म्हणाली. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले.

मेळावा संपेपर्यंत ती खुर्ची धरून बसून राहिली. खुर्च्या उचलणारे आले तेव्हा उठून माझ्याजवळ आली.

"पान दाखवा."

मी मोबाईल तिच्या हातात दिला. कागद मागितला तर तो लपवायचा नाही, हीही जुनीच सवय. ती वह्या तपासाव्यात तशी ओळ न ओळ वाचत गेली. शेवटपर्यंत गेली आणि परत वर आली.

"हे त्या त्या दिवशी लिहिलंय?"

"त्याच वेळी. फोन चालू असताना."

"म्हणजे मला हिरड्यांचं सांगत होता तेव्हा हे समोर होतं."

"होतं."

"तारांचं विचारायचात, तेही यातच आहे. 'विचारणे'."

"हो."

"हे मला पाठवा."

मी चारही नोंदी तिच्या मोबाईलवर पाठवल्या. तिने तिथेच थांबून आल्या का ते बघून घेतले आणि ती बस गाठायला निघाली. संध्याकाळी आईची कूस बदलायची होती.

आता घरात काय होईल याचा मी अंदाज बांधला होता. भांडण होईल, गुरुजी माझ्यावर ओरडतील, ती स्वतःच्या नावाने नोंदणी करील. तिच्यासाठी कोरे पान मी तयारही करून ठेवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. आवाज दबका होता.

"ताई, फोन स्पीकरवर टाकायच्या आधी ऐका. मी बाबांना ते वाचून दाखवलं. पुढच्या खोलीत. आईची खाट तिथंच असते. मला वाटलं झोपलीय."

"मग?"

"झोपली नव्हती. तेव्हापासून तोंड उघडत नाही. पाणीसुद्धा नाही. माझ्या हातचं तर नाहीच. चमचा नेला की दात आवळते आणि माझ्याकडं बघत राहते. डॉक्टर सलाइन लावून गेले. ते म्हणतात, हिनं ठरवलंय."

मी सवयीने तिसगावचे पान उघडले.

"तिला वाटतं ती गेली की मी सुटेन. तुम्ही तिला सांगा की तुमची गल्लत झाली. दुसऱ्या घरच्या नोंदी आमच्या पानावर आल्या. राजूरचं तसं काही नव्हतंच. आणि नकार माझे होते, चारही. मला लग्न करायचंच नव्हतं, असं मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं."

"अगं, पण उद्या एखादं स्थळ आलं तर?"

"आईला हे सांगितल्यावर कसं यायचं? माझं लग्न ठरलं की तिला कळेल, आज खोटं बोललो ते. परत तोंड मिटेल. मला कळतंय मी काय करतेय, ताई. तुम्ही फक्त बोला."

वर्तमानपत्रात असताना मी पुष्कळ खुलासे लिहिले होते. बातमी चुकली की आतल्या पानावर चार ओळी जात. त्यांची भाषा ठरलेली असते. बरोबर असलेल्या बातमीचा खुलासा मात्र मी कधी दिला नव्हता.

स्पीकर लागल्याचे आवाजावरून कळले. पंखा फिरत होता.

"काकू," मी म्हणाले, "मी नगरहून बोलतेय, केंद्रातून. माझ्याकडून चूक झाली. त्या नोंदी दुसऱ्या घरच्या होत्या, तुमच्या पानावर चुकून आल्या. गुरुजी तसं काही बोलले नव्हते. राजूरच्या लोकांनीही तसं काही कळवलं नव्हतं. तुमच्या मुलीनंच चारही वेळा नकार दिला. मला लग्न करायचं नाही, असं ती पहिल्यापासून सांगत होती. तुम्हाला त्रास झाला, माफ करा."

मुलगी म्हणाली, "ऐकलंस? आता आ कर. आ. मऊ भात आहे." खाट करकरली. "आ कर ना गं."

वाटीला चमचा लागल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने परत आला.

मागून गुरुजींचा आवाज आला, मोकळा आणि समजावणीचा. "बघ, मी म्हणत नव्हतो? ताईंचीच गल्लत. असल्या मोबाईलवर इतका भरवसा ठेवायचाच कशाला माणसानं? वहीत लिहावं."

"बाबा, टॉवेल द्या तेवढा," ती म्हणाली.

फोन बंद करायचे तिच्या लक्षात नव्हते. वाटी खरवडल्याचा आवाज येईपर्यंत मी ऐकत राहिले. मग मीच बंद केला आणि तिसगावच्या पानावर त्या दिवसाची नोंद केली: 'नकार, मुलीकडून.' तिच्यासाठी काढून ठेवलेले कोरे पान पुसून टाकले.