मीटरला शेंदूर

वीज कंपनीचा साहेब म्हणाला, "कान पकड. आणि इकडे मोबाइलमध्ये बघ."

बाने कान पकडले. माझा बा. ज्याने एकदा नुसता खाकरून बिबट्या पळवला असं मी अख्ख्या खालापुरात सांगत फिरते. बिबट्या होता की तरस, ते सोडा. त्या बाने म्हातारपणी, स्वतःच्या अंगणात, आयसमोर, कोंबड्यांसमोर कान धरले.

"आता म्हण, मी वीज चोरली."

"साहेब, पूजा केली."

"चोराची कसली पूजा? तुमच्या रक्तातच आहे ते. म्हण."

आय कुडाआडून म्हणाली, "म्हणा वं. जाऊ द्या त्यांना."

बा म्हणाला. "मी वीज चोरली. माझ्यासारखं करू नका." परत म्हणाला. कारण पहिल्यांदा मधेच कोंबडा आरवला आणि साहेबाला आवाज स्वच्छ हवा होता.

मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. साहेब आमचं पाणी प्यायला नाही. त्या पाण्याने त्याने बोटाला लागलेला शेंदूर धुतला. बोट रुमालाला पुसलं. रुमाल तिथेच टाकला.

मी वाढवून सांगते, ही माझी खोड. पण एक खूण देऊन ठेवते. जिथे हसू येईल तिथे मी वाढवलंय. जिथे येणार नाही तिथे तसूभरही नाही.

आमची आदिवासी वाडी खालापूरच्या वर, डोंगराला गोचिडासारखी चिकटलेली. डोक्यावरून विजेच्या मोठ्या तारा जातात. त्यांच्या गुणगुणीवर आमची पोरं झोपतात, अंगाई लागत नाही. वीज जायची मुंबईला, आमच्या वाट्याला तारांची सावली. मग सरकारने तालुक्याची वीज एका कंपनीच्या हाती दिली. सरकारी वायरमन गेला, कंपनीचा आला. माणूस तोच, शर्ट नवा, पगार निम्मा. पुढारी वाडीत आला आणि गरजला, "आता ही सरकारची मेहेरबानी नाही! आता तुम्ही गिऱ्हाईक! गिऱ्हाईक म्हणजे राजा!"

आयने मला ढोसलं. "गिऱ्हाईक म्हंजे काय गं?"

"दुकानदार ज्याला बसायला स्टूल देतो, तो."

आय खूश झाली. चांगली साडी नेसून आली.

दाराशेजारी मीटर लागला. आमच्यात घरात नवी वस्तू आली की आधी तिला शेंदूर. कोयत्याला, उखळाला, सगळ्याला. भावाने मोबाइल आणला तर बाने त्यालाही फासला. आठवडाभर पलीकडचा माणूस तेलाच्या बुधल्यातून बोलत होता. मीटरमध्ये एक लाल ठिपका लुकलुकायचा. बाने हात जोडले. "जागा हाय," म्हणाला. तेलात शेंदूर कालवला आणि काचेवर लावला. डोळा असतो तिथे लावावाच लागतो. खाली बारीक तारेचं सील होतं. त्यातून त्याने आंब्याच्या पानांचा दोरा ओवला. "बघ, दोऱ्याला भोकसुदा ठेवलंय कंपनीनं." ओवताना तार तुटली. बाने ती जपून दोऱ्याला गाठ मारून ठेवली. देवाची वस्तू, टाकायची कशी?

सील तुटलं. झाली चोरी.

तो व्हिडिओ बाच्या आधी डोंगर उतरला. बा कुंभिवलीच्या नाक्यावर रोजाच्या कामासाठी उभा राहायचा. तिथे टेंपोवाला ओरडला, "काय रं मीटरचोर! कान पकड, मग काम देतो." नाका हसला. बाही हसला. काम मिळेल म्हणून हसला. मिळालं नाही. त्या दिवसापासून बाने तोंडाला टॉवेल गुंडाळला तो गुंडाळलाच. घरातसुद्धा. भाकरीचा घास टॉवेलाखालून आत सारायचा. आय म्हणायची, "अवो, हितं कोन हाय बघाया?" बा टॉवेल आणखी वर ओढायचा.

मी कर्जतच्या एका केटररकडे कामाला होते. फार्महाऊसवाल्यांच्या पार्ट्यांत चहा द्यायचा, ताटं उचलायची. एक दिवस शेठ आम्हाला खालापूरला घेऊन गेला. भला मोठा मंडप. पंखे असे की म्हातारी माणसं खुर्च्यांसकट उडतील. कंपनीचा मेळावा होता, वीजचोरीविरुद्ध. स्टेजवर तोच साहेब, शेजारी तोच पुढारी. मी ट्रे घेऊन पहिल्या रांगेत पोचले आणि पडदा उजळला.

पडद्यावर बा. हत्तीएवढा. एकेक कान सुपाएवढा. "मी वीज चोरली. माझ्यासारखं करू नका."

मंडप हसला. साहेब माइकवर म्हणाला, "हे लोक तुमच्या खिशात हात घालतात. प्रामाणिक ग्राहकांनो, यांचे चेहरे ओळखून ठेवा." आणि पुन्हा लावायला सांगितलं.

शेठ कानाशी म्हणाला, "तुमच्यातलाच ना गं हा? तुमचे सगळ्यांचे चेहरे सारखेच."

मी म्हटलं, "माझा बाप हाय."

शेठ म्हणाला, "बरं बरं. चहा गार होतोय."

मी ट्रे तिथेच सोडला. कप फुटले. मंडपाच्या मागे गेले, रडायला म्हणून. आणि वर बघितलं. मंडपाची काळी वायर बांबूला गुंडाळत गुंडाळत खांबापर्यंत गेली होती. टोकाला आकडा. सरळ तारेवर टाकलेला. आपल्याकडे लग्नाला टाकतात, गणपतीला टाकतात, तसाच. चोरीविरुद्धचा मेळावा चोरीच्या विजेवर हसत होता.

बाजूला वाळका बांबू पडला होता. मी उचलला आणि आकडा खाली ओढला.

पंखे थांबले. माइक मेला. पडदा बाच्या उघड्या तोंडावर विझला. माझा आवाज असा, की वाडीतून हाक मारली तर खोपोलीत लोक वळून बघतात. मी आकडा बांबूवर धरून स्टेजसमोर गेले.

"साहेब, कान पकडा. आणि मोबाइलमध्ये बघा."

कोणी हसलं नाही. सगळ्यांनी मोबाइल खिशात घातले. माझ्यासाठी एकही वर आला नाही.

साहेब शांतपणे म्हणाला, "तात्पुरती जोडणी आहे." मग कंपनीच्या दोघा माणसांनी माझा हात मागे पिरगाळला. खांद्यात काहीतरी कट्कन वाजलं. तो हात अजून डोक्याच्या वर जात नाही. पुढारी म्हणाला, "सरकारी कामात अडथळा आणते काय गं?"

मी म्हटलं, "कंपनी सरकारी कधी झाली? इकताना खाजगी, मारताना सरकारी?"

त्यावर थोबाडीत बसली. कोणाची ते दिसलं नाही.

शेठने काम काढून घेतलं. कंपनीने मीटर काढून नेला. भिंतीवर शेंदराचा चौकोन राहिलाय, आत नुसती माती. मी घरी आले तेव्हा बाने विचारलं, "बंद झाला का गं त्यो पिच्चर?"

"झाला."

बाने टॉवेल काढला नाही.

परवा कंपनीचा माणूस येऊन गेला. म्हणे मोबाइलसमोर कान पकडून माफी माग, मीटर उद्या लावतो. आय माझ्याकडे बघत होती. अंधारात राहणं काय असतं ते आयला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

मी त्याला सांगितलं ते इथे लिहून ठेवते. यात काही वाढवलेलं नाही.

मी कान पकडणार नाही. ज्या मंडपात माझ्या बाला चोर म्हटलं, त्याच मंडपात, तेवढ्याच माणसांसमोर, साहेबाने तो शब्द परत घ्यायचा. तोवर या घरात मीटर येणार नाही. येईल त्या दिवशी शेंदूर मी लावीन, ज्या हाताचा खांदा मोडलात त्याच हाताने. सील तोडीन. आणि तोंड उघडं ठेवून दारात बसेन.