सगळं आधी सांगणारा बाप

झरी गावात आमची पिठाची गिरणी आहे. तिथं दर शनिवारी एक बाप ज्वारी घेऊन येतो, सोबत पाच वर्षांची लेक. डॉक्टरांनी तिला स्वमग्नता आहे म्हणून सांगितलंय. आवाजाला ती लय घाबरते, अन् बोलत तर नव्हतीच. म्हणून हा बाप तिला सगळं आधी सांगतो. "आता मावशी बटन दाबतील. आवाज हुईल. मग थांबल." त्याचं सांगून झाल्याशिवाय मी बटन दाबायचं नाही, असं आमचं ठरलेलं. रांगेतल्या बायका हसतात, "गिरणीची बी दवंडी द्यायलाय बघा." तो आपला लेकीला सांगतच राहतो.

परवा बोलण्याच्या नादात मी आधीच बटन दाबलं. तो डबा टाकून धावला, लेकीपुढं उकिडवा बसला. पोर थरथरत होती. पण तिनं आपल्या कानांवरचे हात काढले, बापाच्या कानांवर ठेवले अन् म्हणाली, "मग थांबल."

तो मटकन खाली पिठातच बसला. मी घाईनं गिरणी बंद केली, तर डोळे पुसत म्हणतो कसा, "मावशी, पुन्हा एकदा लावा की."