गाळाची काठी

त्याला सगळे पाणसळ म्हणायचे. पाणसळ म्हणजे आतल्या बुडबुड्यावरून फरशी सपाट आहे की नाही ते दाखवणारं गवंड्याचं हत्यार. याला मात्र कुठल्याच हत्याराची गरज नव्हती. नव्या जमिनीवर पाय ठेवला की एक डोळा बारीक करून तो सांगायचा, "पाणी इकडून येणार, तिथे साचणार आणि त्या कोपऱ्यातून पळणार." आणि पाणी बिचारं त्याचं ऐकायचं. एका इंजिनिअरने एकदा यंत्र लावून दोन तास मोजमाप केलं आणि उत्तर तेच आलं. तेव्हापासून तो याच्याशी जरा जपूनच बोलायचा.

सत्तावीस वर्षं त्याने हे काम केलं. माणसं उतारावरची झाडं काढतात, माती उघडी करतात, प्लॉट पाडतात. मग पाणी मुरत नाही, माती घेऊन खाली धावत सुटतं, आणि खाली कोणी ना कोणी राहत असतंच. म्हणून आधी सगळ्यात खालच्या कोपऱ्यात तळं खोदायचं, पाणी अडवायचं, गाळ तळाशी बसू द्यायचा आणि वरचं पाणी नळातून सावकाश सोडायचं. ते तळं सांभाळायचं काम पाणसळचं. तळ्याने काम चोख केलं की खाली काहीच होत नाही, आणि काहीच झालं नाही म्हणून कोणी कोणाची पाठ थोपटत नाही.

थोपटणारी एकच होती, त्याची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर शिवणकाम करून ती दोन मुलींना वाढवत होती. उताराच्या पायथ्याशी दोन खोल्यांचं घर मिळत होतं, पण वरच्या जमिनीवर बांधकाम सुरू झालेलं पाहून ती बिचकली. पाणसळने घर पाहिलं, वर पाहिलं आणि छाती पुढे काढून म्हणाला, "डोळे झाकून घे. वर माझं तळं आहे. तुझ्या उंबऱ्याला थेंब लागला, तर मला दादा म्हणू नकोस."

तिने घर घेतलं. पुढच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन ठेवलं आणि त्याच्या शेजारी, जमिनीवरच, गिऱ्हाइकांची गाठोडी.

तळ्याच्या मधोमध एक काठी रोवलेली असते. तिच्यावर लाल पट्टा असतो. गाळ पट्ट्याला लागला की तळं निम्मं भरलं, पोकलेन आणून उपसायचं. लहान पोराला कळेल असा नियम. तपासनीस महिन्यातून एकदा यायचा, बूट खराब होतील म्हणून रस्त्यावरूनच मान उंच करून बघायचा, लाल पट्टा दिसला की वहीत बरोबरची खूण करायचा आणि गाडीत बसायचा.

पहिल्यांदा गाळ पट्ट्याला लागला, तेव्हा पाणसळ साहेबांकडे गेला. साहेब म्हणजे त्या कामाचा मॅनेजर, वयाने याच्या निम्मा आणि जिभेवर साखर.

"काका, पोकलेन रस्त्याच्या कामात अडकलाय. चार दिवस द्या. उद्या तपासणी आहे ना, तेवढं जरा बघा."

तेवढं बघा म्हणजे काय करा, ते साहेबांनी सांगितलं नाही. अशी माणसं ते कधी सांगतही नाहीत. पाणसळ गुडघाभर गाळात उतरला, काठी उपटली आणि वीतभर वर घेऊन पुन्हा रोवली. लाल पट्टा मोकळा दिसायला लागला. चार दिवसांचाच तर प्रश्न आहे, असं त्याने स्वतःला समजावलं.

चार दिवसांचे तीन महिने झाले. दुसऱ्यांदा काठी उचलताना त्याने साहेबांना विचारलंही नाही. तिसऱ्यांदा तर तो उचलता उचलता गाणं गुणगुणत होता, आणि नंतर त्याला सगळ्यात जास्त झोंबलं ते हे गाणंच. तळ्यात आता पाण्याला जागा नाही, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. असल्या गोष्टी त्याच्याइतक्या कोणालाच कळत नव्हत्या. त्याने त्या कोपऱ्याकडे फिरकणं सोडलं. बहिणीकडे जाणंही सोडलं.

मग एका दुपारी तीन तास पाऊस कोसळला. मोठा होता, पण जगबुडी नव्हती. असले दहा पाऊस पाणसळच्या तळ्यांनी आजवर पचवले होते. या तळ्यात पोटच उरलं नव्हतं. पाणी बांधावरून गेलं, बांध फुटला आणि साचलेला सगळा गाळ उतारावरून निघाला. तो कुठे जाणार, हे त्याला बघावं लागलं नाही.

धावत निघाला, तर वाटेतच साहेबांचा फोन. "काका, पाऊस अंदाजाबाहेरचा होता, सगळ्यांनी हेच सांगायचंय. कागदावर तळ्याची जबाबदारी तुमची आहे खरी, पण मी आहे ना!" केसाने गळा कापतात तो असा.

मुली शाळेत होत्या, बहीण कपडे पोचवायला गेली होती, म्हणून माणसं वाचली. खोलीत मांडीएवढा चिखल. मशीन त्यात रुतलेलं. एका शाळेचे ऐंशी गणवेश कालच शिवून झाले होते, त्यांचा एकच काळा गोळा झाला होता. परत आलेली बहीण अंगणात एकेक सदरा धुऊन दोरीवर टाकत होती.

"बरं झालं दादा, आलास. लोक म्हणतात, तळं फुटलं. मी म्हटलं, माझ्या भावाचं तळं आहे ते, पाऊसच तसा असणार! ते नसतं तर घरच गेलं असतं." तिने दोरीच्या टेकूकडे बोट केलं. "आणि ही बघ, चिखलाबरोबर दारात आली. तुझीच ना? आठवणीने घेऊन जा. ही नसली तर गाळ किती चढला, ते तुला कळणार कसं?"

लाल पट्ट्याची काठी ओल्या सदऱ्यांच्या भाराने वाकली होती. पाणसळला गप्प बसता आलं असतं. सगळ्या जगात त्याच्यावर विश्वास ठेवणारं तेवढं एकच माणूस होतं, आणि तेही गमवायची त्याला भीती वाटली. पण तिचे ते चिखलाने भरलेले हात त्याला बघवेनात.

"मी ती वर उचलत होतो," तो म्हणाला. "गाळ लागला की उचलायचो. उपसा केलाच नाही."

तिने हातातला सदरा पिळला. पुन्हा पिळला. "किती वेळा?"

"तीनदा."

ती ओरडली नाही, रडलीही नाही. "मला एकदा तरी सांगायचंस रे. मी मशीन माळ्यावर चढवलं असतं. कपडे शेजारी नेऊन ठेवले असते. बाकी काही नको होतं मला."

त्याने पायातल्या चपला काढून ठेवल्या.

"फावडं दाराशी आहे," ती म्हणाली. दादा म्हणाली नाही.