तिच्या डब्यातला खेळ

लग्नाच्या पहिल्या वर्षात बायकोने मला तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा मी नाही म्हणालो.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा लग्नाला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. तिच्या सामानात बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. मला वाटलं, सुया-दोरे असतील. तिने झाकण काढलं, आतला कापूस बाजूला केला आणि एकेक पुतळा काढून पलंगावर उभा केला. अंगठ्याएवढे पुतळे. ढाल धरलेला शिपाई, लांडग्यावर बसलेली बाई, दोन तिरंदाज, पाठीवर झोपडी असलेलं एक कासव, असे दहा-बारा. सगळे कारखान्यातून रंगवूनच आलेले. नर्सिंग कॉलेजच्या वसतिगृहात तिच्या मैत्रिणीकडे हा खेळ होता. तिच्याकडून ही शिकली आणि नंतर स्वतःचा घेतला.

"हा स्टार्टर बॉक्स होय," ती म्हणाली. "दोघायले खेळता येते."

मी जळगाव जामोदात मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या पंपाच्या मोटारीत नवी तार भरायचं, दुकान चालवतो. माझ्या लेखी स्टार्टर म्हणजे विहिरीवरच्या खोलीत भिंतीला ठोकलेला, लाल-हिरव्या बटनांचा. मला हसू आलं. म्हणालो, "हे पोट्ट्यायचं काम हाय. मले नाई जमत."

तीही हसली. पुतळे परत कापसात ठेवले, अगदी न आदळता, जसं बाळाला झोळीत ठेवतात. दुसऱ्या वेळी मी थकून आलो होतो. तिसऱ्या वेळी काय कारण दिलं तेही आता आठवत नाही. त्यानंतर डबा कपाटावर गेला.

मग तिच्या नोकरीची ऑर्डर आली. सरकारी स्टाफ नर्स, पण कोकणात, एका ग्रामीण रुग्णालयात. घरात पेढे वाटले. आईने गल्लीतल्या प्रत्येक बाईला बोलावून सांगितलं. मी नांदुऱ्यापर्यंत तिला सोडायला गेलो, गाडीत सामान लावलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. गाडी गेल्यावर फलाटावर उभा राहिलो तेव्हा मला कळेना, आता हात कुठे ठेवायचे. इतके दिवस त्यांत तिची एक तरी पिशवी होती.

दोन आठवड्यांनी तिचा फोन आला. रजिस्ट्रेशनच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स पाठवायची होती. फाइल कपाटावर होती आणि फाइलवर तो डबा. झेरॉक्स पाठवून झाली तरी डबा खालीच राहिला. त्या दिवशी दुपारी लाइन गेली होती, दुकानात काम बंद होतं. मी डबा घेऊन गेलो आणि काउंटरवर उघडला.

तळाशी नियमांचं पुस्तक होतं, सगळं इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. मी आयटीआय केलेला माणूस. वायंडिंगचा तक्ता डोळे मिटून वाचीन, पण हे काही वाचवेना. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून पाहिलं. फोन म्हणाला, "आपल्या प्राण्याला थकवा आणि मग हल्ला जाहीर करा." दोनदा वाचलं, मग तिलाच फोन लावला. तिची ड्यूटी तेव्हा दुपारी दोनला सुटायची.

"काय करून राह्यले?" तिने विचारलं.

"तुहा डबा उघडला."

"काऊन?"

"शिकाव म्हणतो."

"आता?" ती म्हणाली.

त्या एका शब्दात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मग तिनेच पुढे सांगायला सुरुवात केली.

"पुस्तक बाजूले ठेवा. सगळे पुतळे नका काढू. तीन तुमी घ्या, तीन समोरच्याले द्या. प्रत्येकाचं एक कार्ड हाय. त्याच्यावर चार आकडे हायत. किती घरं चालते, किती जोरानं मारते, किती मार अडवते, आन् जीव किती. फासा टाका, त्याच्यात जोर मिळवा. समोरचा जेवढा अडवते तेवढा आकडा झाला, का मार लागला. बस."

"बस?"

"बाकीचं खेळता खेळता समजते."

"आन् चुकलं तर?"

"चुकलं तर चुकलं. आपण का स्पर्धेले चाल्लो?"

फासा वीस बाजूंचा होता. डब्यातला चौकटींचा, झाडं छापलेला कागद काउंटरवर पसरला, कडांवर बेअरिंगं ठेवली. समोरच्याचे तीन पुतळे मांडले आणि मग समोर कोणी नाही हे लक्षात आलं. दोन्ही बाजूंनी मीच खेळलो. त्यानंतर रोज दुपारी अर्धा तास असं चालू लागलं. अडलं की तिला विचारायचं. झाडाआडून बाण मारता येतो का, एकाच घरात दोघं उभे राहू शकतात का. आधी आमच्या फोनवर जेवलात का, जेवली का, आई बरी आहे का, एवढंच असायचं. आता रोज काही विचारायला होतं. मी काही प्रश्न उत्तर माहीत असूनही विचारायचो.

समोरची बाजू तिची आहे असं मी मनात धरलं होतं. काही दिवसांनी लक्षात आलं की तीच बाजू रोज जिंकते. एकदा माझे तिरंदाज जिंकत आले होते, तर मी फासा पुन्हा टाकला. कोणी पाहत नव्हतं, तरी आजूबाजूला बघितलं.

माझे सासरे डोंगराच्या अंगाला एका खेड्यात राहतात. मिरची आणि टरबुजाचं पीक घेतात. त्यांचं माझं बोलणं कमीच. ते मला जवाईबापू म्हणायचे, मी त्यांना मामाजी म्हणायचो. पाऊसपाणी विचारून झालं की दोघंही रस्त्याकडे बघत बसायचो. ती गेल्यावर तर त्यांनी येणं सोडूनच दिलं होतं. एका बाजाराच्या दिवशी ते जळालेली मोटार ऑटोत घालून दुकानात आले. मी काउंटर आवरायला गेलो, तर म्हणाले, "राहू द्या."

त्यांनी कासव उचललं. पाठीवरची झोपडी बोटाने हलवून पाहिली.

"इचं छप्पर म्या चिटकवलं होतं. सुट्टीत आली तवा तुटलं होतं." कासव जागेवर ठेवून त्यांनी विचारलं, "तुमाले कोणं शिकवलं?"

"तिनंच. फोनवर."

"मंग बसा."

मला वाटलं ते थट्टा करताहेत. पण त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने हात पुसले, स्टूल ओढलं आणि भराभर पुतळे लावले, ज्याचं कार्ड त्याच्याशी जुळवून, एकदाही न चुकता. ढालवाला दोन झाडांच्या मधल्या फटीत अडवून उभा केला. कासव पार मागे. सहा चालीत मी हरलो.

मग हळूहळू कळत गेलं. कॉलेज संपल्यावर ती वर्षभर घरी राहून भरतीचा अभ्यास करत होती. दुपारी जेवणं झाली की बापलेक ओट्यावर बसून हा खेळ खेळायचे. तिची आई म्हणायची, दोघं पिसाळलेत. ज्याच्या फाशावर एक पडेल त्याने उठून दुसऱ्याला पाणी आणून द्यायचं, असा त्यांचा नियम होता. हा नियम पुस्तकात नाही. मामाजी सांगत होते आणि मी तांब्याच्या तारेचं वेटोळं हातात धरून ऐकत होतो. एक वर्ष. इतक्या दुपारी. माझ्याही वाट्याला त्यातल्या थोड्या आल्या असत्या. घरात येऊन पलंगावर मांडल्या गेल्या होत्या आणि मी हसलो होतो.

त्या दिवशी तिला फोनवर सांगितलं.

"बाबा खेळले? तुमच्यासंग?"

"सहा चालीत हरवलं मले."

ती खूप वेळ हसली. मग विचारलं, "कासव पुढं आणलं का त्यायनं?"

"नाई. मागंच ठेवलं."

"पह्यले पुढं आणत होते," ती म्हणाली. पलीकडून कोणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

मामाजी आता दर बाजारी येऊ लागले. मोटार दुरुस्त होऊन गेली, तरी येत. एकदा मी हौसेने दोन नवीन बॉक्स मागवले. आत कोणता पुतळा आहे ते बॉक्स फोडल्याशिवाय कळत नाही. मामाजींच्या समोर फोडले, तर दोन्हीत तेच वटवाघूळ निघालं. ते म्हणाले, "दोन दोन वटवाघळं काय झाडाले टांगता? जे हाय त्याच्यात खेळा." तेव्हापासून मी काही मागवलं नाही.

थंडीत तिला पाच दिवसांची रजा मिळाली. पहिला दिवस ती झोपूनच होती. दुसऱ्या दिवशी माहेरी गेली, आणि मीही डबा घेऊन सोबत गेलो. ओट्यावर बापलेक समोरासमोर बसले. मी दाराच्या चौकटीला टेकून बघत होतो. दोघं बोलतच नव्हते. मामाजी एखाद्या पुतळ्याला हात लावत, ती नुसत्या भुवया वर करी, आणि ते हात मागे घेत. तिच्या फाशावर एक पडला. कोणी काही म्हणायच्या आत ती उठून आत गेली आणि पाण्याचा गडू घेऊन आली. मामाजींनी पाणी प्यायलं, गडू खाली ठेवला आणि कासव दोन घरं पुढे सरकवलं. ती खाली मान घालून बसली. तिचे डोळे मला दिसत नव्हते. सासूबाई आतून जेवायला हाका मारत होत्या आणि कोणीच उठत नव्हतं. मलाही त्यांना उठवावंसं वाटलं नाही. आपण इतके महिने नियम शिकलो आणि समोरच्या माणसाकडे बघायला शिकायचं राहिलं, हे मला तिथे उभ्या उभ्या समजलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी घरी आम्ही दोघंच होतो. आई शेतात गेली होती. मी पलंगावर कागद पसरला. ती समोर मांडी घालून बसली. मी अगदी मन लावून खेळलो. फट अडवली, तिरंदाज मागे ठेवले, घाई केली नाही. चार-पाच चाली झाल्यावर तिने मान वर केली.

"तुमी बाबासारखे खेळता."

मला वाटलं, कौतुक करते आहे. म्हणालो, "तेच तर शिकवतात."

"बाबासंग मी काल खेळली. आज तुमच्यासंग खेळाचं हाय. तुमाले जे सुचते ते करा ना."

मला काय सुचतं, हे मलाच माहीत नव्हतं. मग मी लांडग्यावरच्या बाईला सरळ तिच्या पुतळ्यांच्या मधोमध नेऊन उभं केलं. पुढच्या दोन फाशांत ती मेली. तिच्यामागे ढालवाला गेला, तोही मेला. बायको तोंडाला पदर लावून हसत होती. लग्नानंतर तिला एवढं हसताना मी पाहिलंच नव्हतं, की पाहिलं होतं आणि लक्ष दिलं नव्हतं, कोण जाणे.

पुतळे आवरताना मी म्हणालो, "तू तीनदा विचारलं होतं मले."

"चारदा," ती म्हणाली. "एकदा तुमी झोपले होते."

ती कापूस नीट करत होती. काही वेळाने तिने विचारलं, "डबा नेऊ का? क्वार्टरमदी दोघी जणी हायत. ड्यूटी झाल्यावर भिंतीकडे पाहात बसतो आम्ही. त्या शिकतो म्हणतात."

"ने," मी म्हणालो. लगेच म्हणालो, कारण एक क्षण जरी थांबलो असतो तर दुसरंच काही तोंडातून निघालं असतं. डबा राहिला तर तिच्यातलं काही घरात राहतं, असं मला वाटायचं. पण तिकडे भिंतीकडे पाहत बसणारी तीच होती.

नांदुऱ्याला या वेळी डबा तिने सामानात टाकला नाही, मांडीवर धरला होता. गाडी हलली तेव्हा एक हात डब्यावर होता आणि एक खिडकीबाहेर.

पुढच्या बाजारी मामाजी आले. काउंटरवर एका मोटारीचा नुसता सांगाडा होता.

"डबा?"

"तिच्यासंग गेला."

ते स्टुलावर बसले. मी चहा सांगितला. आता उठतील असं वाटलं, पण उठले नाहीत. मी खाचांमध्ये तार भरत होतो, ते बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "किती वेढे झाले, हे कसं ध्यानात राह्यते?"

लग्न झाल्यापासून माझ्या कामाबद्दल त्यांनी पहिल्यांदाच काही विचारलं होतं. मी त्यांना खाचा दाखवल्या, मोजायची पद्धत सांगितली. त्यांनी बोटाने हवेत मोजून पाहिलं. मग विचारलं, "त्या दोघी शिकल्या का?"

"एक शिकली. दुसरी भांडते म्हणे."

"भांडू द्या," ते म्हणाले. "आमची पोरगीही सुरुवातीले लय भांडे."

बदलीचा अर्ज तिने दिलेला आहे. तीन वर्षं भरल्याशिवाय विचार होत नाही, असं तिला ऑफिसात सांगितलं. मामाजी बाजाराच्या दिवशी येतात आणि त्यांच्या गावची बस लागेपर्यंत बसतात. कधी बोलतो, कधी नाही. बस गेली की मी हाताचं वार्निश पुसून तिला फोन लावतो, आणि तिकडे आज कोण जिंकलं ते ती मला सांगते.