फॉर्मवरचा व्यवसायाचा रकाना

चूक माझीच होती आणि ती मी चांगल्या वळणदार अक्षरात केली. सीटी स्कॅनच्या आधी भरायच्या फॉर्मवर ‘व्यवसाय’ असा एक रकाना होता. त्यात मी वहिनींसाठी ‘गृहिणी’ लिहिलं. त्याखाली विचारलं होतं, कामानिमित्त धूळ, धूर, रसायनांशी संबंध आला आहे का? तिथे ‘नाही’ लिहिलं. आमच्या घरातले सगळे फॉर्म मीच भरतो. वहिनी शेजारच्या खुर्चीत धापा टाकत बसल्या होत्या. त्यांना विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही.

त्याआधी तीन महिने त्यांच्यावर टीबीचे उपचार चालू होते. एक्स-रेत उजव्या बाजूला पाणी दिसलं होतं आणि आपल्याकडे छातीत पाणी म्हटलं की पहिली शंका टीबीचीच येते. छातीच्या डॉक्टरांनी तेव्हाही मला विचारलं होतं, या कुठे कामाला होत्या का. मी म्हणालो होतो, “छे, काही करत नाहीत, घरीच असतात.” गोळ्यांनी वहिनींना मळमळायचं, चुलीवरच्या भाकरीचा वाससुद्धा सोसत नसे. दोनदा पाणी काढलं, दोनदा ते पुन्हा भरलं. तेव्हा कुठे सीटी करायला सांगितलं.

स्कॅन झाल्यावर रेडिऑलॉजिस्ट मॅडमनी मला आत बोलावलं. दादा, माझा मोठा भाऊ, बाहेर वहिनींजवळ थांबला. मॅडम संगणकावर छातीचे आडवे काप एकामागून एक सरकवत होत्या. फुप्फुसाभोवती पातळ अस्तर असतं, एरवी ते जेमतेम दिसतं, असं त्या म्हणाल्या. इथे उजवीकडे ते जाड झालं होतं, ओबडधोबड, गाठीगाठींचं, आणि फुप्फुसाला चहूबाजूंनी आवळत होतं. मग त्यांनी डावी, म्हणजे चांगली बाजू दाखवली. तिथे अगदी खाली, श्वासपटलावर, चुन्याचं बोट ओढल्यासारखी एक पांढरी रेघ होती.

“ही टीबीची वाटत नाही मला,” त्या म्हणाल्या. “ॲस्बेस्टॉसच्या धुळीत राहिलेल्या माणसांत अशी दिसते. तीस-चाळीस वर्षांनीसुद्धा. तुम्ही तर ‘नाही’ लिहिलंय. जरा नीट आठवा.”

आठवायला काही वेळ लागला नाही. विशीत मी सातपूरला ब्रेक लायनर बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात चार वर्षं ग्राइंडिंगवर होतो. लायनर घासले की राखाडी भुकटी उडायची. ती ॲस्बेस्टॉसची आहे हे आम्हाला ठाऊक होतं, पोत्यांवर तसं लिहिलेलंच असायचं. ते वाईट असतं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. कारखान्यात नळ होता, पण हातपाय धुवून कपडे बदलत बसलो तर बस चुकायची. म्हणून तसाच घरी यायचो. दादाचा संसार दोन खोल्यांचा आणि मीही तिथेच राहायचो. वहिनी माझे शर्ट-पँट मागच्या दारी नेऊन झटकायच्या आणि मग भिजवायच्या. चार वर्षं, सुट्टीचा वार सोडून रोज.

मॅडमना हे सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी म्हणालो, “घरी विचारून सांगतो.”

पुढचं लिहिताना हात अडतो. मला पहिली भीती वाटली ती स्वतःची. कपडे झटकणारीचं हे झालं, तर लायनर घासणाऱ्याचं काय? दुसऱ्याच दिवशी कुणालाही न सांगता मी गंगापूर रोडला जाऊन माझा स्कॅन करून घेतला. त्या फॉर्मवर मात्र कारखाना, वर्षं, धूळ, सगळं नीट लिहिलं. छाती स्वच्छ निघाली. रिपोर्ट हातात घेऊन मी रस्त्याच्या कडेला उसाचा रस प्यायलो आणि तो मला गोड लागला.

या सगळ्यात आठवडा गेला. तो आठवडाभर वहिनी टीबीच्या गोळ्या घेत होत्या. आठव्या दिवशी मी मॅडमकडे गेलो आणि खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रिपोर्टमध्ये त्यांनी एक ओळ वाढवली, छातीच्या डॉक्टरांना फोन लावला. सीटीत बघत, सुईने त्या अस्तराचा तुकडा काढायचं ठरलं. अस्तराचाच कर्करोग निघाला. आधी कळलं असतं तर, असं मी डॉक्टरांना विचारलं. बऱ्या झाल्या असत्या असं नाही, ते म्हणाले, पण एवढे दिवस चुकीच्या औषधांत गेले नसते.

दादाला मी हे सांगितलं तेव्हा तो उठून पाण्याची मोटर लावायला गेला.

वहिनी उशीला टेकून मेथी निवडत होत्या. मी समोर बसलो आणि कारखाना, भुकटी, कपडे, सगळं सांगत गेलो. त्या ऐकता ऐकता हसल्या.

“माझं डोकं पांढरं व्हायचं त्यानं. तुमचे भाऊ म्हणायचे, लग्नाला दोन वर्षं नाय झाली अन् म्हातारी झाली. लय हसायचे.” मग एक काडी बाजूला टाकून म्हणाल्या, “तुम्हाला तरी कुठं माहीत होतं, भाऊजी.”

तिथे थांबता आलं असतं.

“तेव्हाचं माहीत नव्हतं, वहिनी. पण आत्ताचं होतं. मॅडमनी विचारलं आणि मी गप्प बसलो. आधी स्वतःची छाती तपासून आलो. तुम्ही गोळ्या ओकत होता आणि मी आठवडा घालवला. आणि तुम्ही काही करत नाही, असं सांगून आलो, दोन्ही ठिकाणी. माझं चुकलं. मला माफ करा.”