तांबूचा कडू घास

सुगंधाबाई माणसांना 'जेवा' म्हणायची आणि कुत्र्यांना 'गीळ'. आपल्याकडे हा शब्द रागाचा, ताट आपटून म्हणायचा. तिच्या तोंडी तो लाडाचा होता.

चोपन्न साली आम्ही घाटकोपरला बिऱ्हाड केलं, तेव्हा ती चाळीच्या तळमजल्यावर शेवटच्या खोलीत एकटीच राहायची. नवरा धोंडू गिरणीत होता. तो वारल्यावर ती डबे करून पोट भरी. दुपारी मोकळी झाली की मागच्या टेकडीवरून पाला आणी. लूत भरलेल्या कुत्र्याला कडुलिंबाच्या पाण्यानं धुवी, करंजेल चोळी. मांजराला जंत झाले की वावडिंग उगाळून चाटवी. आणि रक्त सुधारायला किराईत. ते इतकं कडू की कुत्री थुंकून टाकत. म्हणून तिनं रीत बसवली होती. सुकटीच्या भाताच्या मुटक्यात किराइताची पूड घालायची, कुत्र्याची हनुवटी वर धरायची, 'गीळ' म्हणायचं, आणि घास उतरेपर्यंत हात काढायचा नाही. महिन्याभरात कुत्रं शब्दासरशी तोंड उघडी.

तांबू तिची स्वतःची कुत्री. तिलाच लूत लागली, पाठ उघडी पडली. चाळीतल्या बायकांनी मालकाकडे तक्रार केली: ही कुत्रीला चोळते आणि त्याच हातांनी नळावर येते, घरोघरी तान्ही मुलं आहेत. तक्रार करणाऱ्यांत मीही होते. माझी क्षमा तेव्हा चार महिन्यांची होती. मालकानं तांबूला काढायला सांगितलं. सुगंधाबाईनं होळीपर्यंत मुदत मागितली. तोवर कुत्री बरी झाली तर राहील, नाही तर मानखुर्दला भावाकडे पोचवीन, म्हणाली. मालक हो म्हणाला, आणि राखणदार काशीरामला बाजूला घेऊन वेगळंच सांगून गेला. हे आम्हांला मागाहून कळलं.

काशीरामनं दोनदा भाताचा गोळा टाकला होता. आत कुचल्याचं विष होतं, तेही कडूच. तांबूनं तोंडात घेताच थुंकला.

माघ सरताना तांबूच्या पाठीवर लव आली. सुगंधाबाई तिला घेऊन दारोदार फिरली. माझ्या दारात म्हणाली, "वयनी, हात लावून बघा." मी लावला नाही.

त्याच आठवड्यात काशीराम तिच्या उंबऱ्याशी उकिडवा बसला. एवढं कडू औषध ही थुंकत कशी नाही, त्यानं विचारलं. आयुष्यात कोणी सुगंधाबाईला 'काही शिकव' म्हटलं नव्हतं. तिनं त्याला तीनदा करून दाखवलं. त्याच्याकडून हनुवटी धरवून घेतली, शब्द म्हणवून घेतला. तो हळू म्हणाला तर हसून म्हणाली, "असा नाय रे, मायेन म्हण."

दोन दिवसांनी भर दुपारी मी गॅलरीत लंगोट वाळत घालत होते. खाली काशीरामनं तांबूची हनुवटी धरली होती. 'गीळ' म्हणाला. तिनं शेपूट हलवत तोंड उघडलं. मला वाटलं, औषध देतोय. बरंही वाटलं.

सुगंधाबाई डबे पोचवून आली तेव्हा तांबू नळापाशी ताठ पडली होती, अंगाला झटके येत होते. तिनं तूप आणलं, मिठाचं पाणी आणलं. जबडा उघडेना. ती मांडी घालून बसली आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "गीळ गो बाय, गीळ." तांबू तिच्याकडे बघत होती. तोंड तेवढं उघडलं नाही.

तांबू गेल्यावर मी पाहिलं होतं ते तिला सांगितलं. ती काशीरामच्या दाराशी भांडायला गेली नाही. एवढंच म्हणाली, "ती थुकली असती, वयनी. मियाच शिकयलंय तिका."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नेहमीसारखी किराइताचे मुटके घेऊन बाहेर पडली. टेकडीच्या पायथ्याची कुत्री धावत आली. तिनं एकीची हनुवटी धरली, 'गीळ' म्हणाली, आणि कुत्रीनं तोंड उघडताच फाडकन थोबाडीत मारली. मग दुसऱ्याला. आल्या कुत्र्याला मारलं. संध्याकाळी तिचा हात सुजला होता. पंधरा दिवस ती रोज जात होती. लोक म्हणाले, बाई वेडी झाली. एक काळं पिल्लू मार खाऊनही परत येई, तोंड उघडून बसे. त्याला मारताना ती रडायची.

शेवटी तेही यायचं थांबलं.

होळीच्या सुमाराला मी तिच्याबरोबर बाजारात निघाले होते. टेकडीच्या वळणावर लूत भरलेली दोन कुत्री होती. तिला बघून शेपट्या घालून पळाली. सुगंधाबाई थांबून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

"बरा झाला," म्हणाली आणि चालू लागली.