यमाला वाढलेला रिसोट्टो

आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जर्मनीत एकदाच बाहेर जेवायचं कबूल केलं आणि त्या एका जेवणात मी एका इटालियन कुटुंबाच्या दारात साक्षात यमाला नेऊन बसवलं.

इटलीने इथे येऊन फुटबॉलचा वर्ल्ड कप नेला, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मी नेकारसुल्मच्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. बायको मंजिरी गरोदर, तारीख जानेवारीतली. तिचे आई-अण्णा तेव्हा पहिल्यांदाच आमच्याकडे आले होते. बाळंतपणाला आई हवी, एवढाच तिचा हट्ट होता. आई अण्णांशिवाय येणार नव्हत्या, आणि अण्णांचं म्हणणं, ज्या देशात माणसाला निवांत चार घास खाता येत नाहीत तिथे पुन्हा यायचं कशाला? (हा निष्कर्ष त्यांनी स्टेशनवरच्या एका कोरड्या पावावरून काढला होता.) दोघांचं परतीचं विमान तोंडावर आलं तेव्हा मंजिरीने मला बजावलं, "काहीही कर, पण त्यांना एकदा बाहेर पोटभर जेवायला घाल."

मी सगळ्यांना रोझाकडे नेलं. आमच्याच गल्लीच्या टोकाला पाच-सहा टेबलांची तिची घरगुती खाणावळ. रोझा वाढते, नवरा एन्झो रांधतो आणि कोपऱ्यात मेरीच्या तसबिरीखाली छोटासा दिवा तेवत असतो. मी अण्णांना रिसोट्टो सुचवला. म्हटलं, आपला मऊभातच समजा. फक्त त्यात वाईन घालू नका, असं रोझाला सांगितलं. ती आत गेली आणि भांडं आपटल्याचा आवाज आला. वाईनशिवाय रिसोट्टो म्हणजे फोडणीशिवाय आमटी, असं एन्झोचं मत होतं. पण केला बिचाऱ्याने.

वाफाळतं ताट आलं. आता अण्णांचा एक नेम आहे. जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवायचं, उजव्या हाताला चित्राहुतीचे पाच छोटे घास देवांसाठी काढून ठेवायचे, आपोशन घ्यायचं आणि मग हात धुवेपर्यंत बोलायचं नाही की उठायचं नाही. घरी याचं कुणाला काही वाटत नाही. पण इथे टेबलावर पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा टेबलक्लॉथ होता, आणि मला हे आठवेपर्यंत त्यावर पाण्याचं वर्तुळ उमटलंही होतं.

पाणी सांडलं असं समजून रोझा फडकं घेऊन धावली. तोवर अण्णांनी भाताचे पाच घास ओळीने मांडले होते. रोझाचा हात जागीच थांबला. आधीच वाईन नाही, त्यात हे! गिऱ्हाईक भातातून नको ते निवडून बाहेर काढतंय, अशी तिची खात्री झाली. काय लागलं घासात, असं तिने अण्णांना जर्मनमध्ये पुन्हा पुन्हा विचारलं. अण्णांनी आपोशन घेतलेलं. (जर्मन येत असतं तरी ते बोलले नसते.) त्यांनी शांतपणे डोळे मिटले. रोझाने घाईघाईने ताट उचललं आणि दुसरं आणलं. दुसऱ्या ताटाभोवती अण्णांनी दुसऱ्यांदा पाणी फिरवलं आणि पुन्हा पाच घास काढले.

अशा वेळी जावयाने पुढे व्हायला हवं. मी झालो. माझ्याकडे जर्मन भाषेचं सर्टिफिकेट होतं, तेही फ्रेम करून भिंतीवर लावलेलं. मी रोझाला समजावलं, की यात तक्रार काही नाही. यातला एक घास मृत्यूच्या देवाचा आहे आणि एक त्याच्या कारकुनाचा.

"कुणाचा?" रोझाने विचारलं.

"मृत्यूच्या देवाचा. गेनाऊ, अगदी बरोबर! माणसाला न्यायला येतो ना, तोच."

रोझाने छातीवर क्रूस काढला आणि एन्झोला हाक मारली.

एन्झो हातात डाव घेऊनच बाहेर आला. रोझाने त्याला इटालियनमध्ये काय सांगितलं, ते मला त्याच्या चेहऱ्यावर वाचता आलं: हा म्हातारा तुझा भात खाण्याआधी मरणाची तयारी करतोय. एन्झो लालबुंद झाला. आपल्या रिसोट्टोत वावगं काही नाही हे दाखवायला त्याने काटा उचलला, थेट अण्णांच्या ताटातला भलामोठा घास तोंडात घातला आणि सगळ्या टेबलांकडे वळून वळून चावला. (मऊभातात चावायचं काय असतं? पण त्याने चावला.)

ताट उष्टं झालं! अण्णांनी डोळे उघडले. त्यांना बोलता येईना, उठता येईना, आणि खाता तर मुळीच येईना. मंजिरीच्या डोळ्यांत पाणी आलं. जानेवारीत बाळाला तेल लावून आंघोळ मलाच घालायची आहे, हे मला स्वच्छ दिसलं.

तेव्हा आई उठल्या. जर्मन शून्य, इटालियन शून्य. त्यांनी रोझाचा हात धरून तिला मेरीच्या तसबिरीपाशी नेलं. तिथे दिव्याशेजारी पावाचा एक तुकडा ठेवलेला होता. आईंनी त्या तुकड्याकडे बोट दाखवलं, मग अण्णांच्या पाच घासांकडे, आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "अगं, तू तिथं ठेवतेस ना, तसंच यांचं. यांचे देव जरा शेजारी बसून जेवतात, एवढंच."

रोझाने पावाकडे पाहिलं, घासांकडे पाहिलं आणि ती आईंच्या गळ्यातच पडली. तिसरं ताट आलं तेव्हा त्याच्या उजवीकडे तिने स्वतःच्या हाताने एक छोटी बशी ठेवली. अण्णांनी पाच घास बशीत काढले, ताट चाटूनपुसून संपवलं आणि खुणेने आणखी मागितलं. हात धुऊन आल्यावर पहिलं वाक्य बोलले ते मंजिरीशी.

"जानेवारीत इथे थंडी फार असते का गं? नाही, स्वेटर किती आणायचे ते कळायला हवं."

मंजिरी तिथेच रडायला लागली, आणि खरं सांगतो, मलाही भरून आलं.

दोघं ठरल्याप्रमाणे आले. मुलगा झाला आणि बारशाचं जेवण रोझाकडेच झालं. ती बशी तिने अजून वेगळी जपून ठेवली आहे. अण्णा दारात दिसले, की न सांगता टेबलावर येते. माझ्यासाठीही तिची एक खास पद्धत आहे. मी पाहुणे घेऊन गेलो, की ऑर्डर घेण्याआधी ती माझ्या कानाशी वाकून हळूच विचारते, "आज तुम्ही काही समजावून सांगणार नाही ना?"